गोळीचे वंगण

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आहे. घरच्या कर्जाने गांजलेला वरसईचा एक भिक्षुक, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत अशी वार्ता ऐकून चार पैसे गाठीला बांधावेत म्हणून १८५७ साली घराबाहेर पडतो आणि महूच्या आसपास पोचतो न पोचतो तोच शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकीकत त्याच्या कानी येते. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी, ते दातांनी तोडावयाचे, धर्म बुडाला! हा मजकूर आला की मी पुस्तक मिटतो, वर्गाकडे पाहतो आणि क्षणभर थांबतो. ही माझी जुनी युक्ती आहे. मुले गंभीर होतात, मागच्या बाकावरची कुजबुज थांबते आणि बंडाची पार्श्वभूमी आपोआप तयार होते.

यंदा त्या क्षणभरात एक मुलगी उभी राहिली. एन.सी.सी.ची कॅडेट आहे, केस घट्ट बांधून येते, एरवी वर्गात फारशी बोलत नाही.

"सर, पण मुळात गोळीला चरबी लावायचीच कशाला?"

"वंगण म्हणून," मी म्हणालो.

"पण वंगण कशाला? गोळी तर दारूच्या जोरानं जाते ना? आमच्या बावीसच्या गोळ्यासुद्धा हाताला मेणचट लागतात. मी उस्तादांना विचारलं, तर ते म्हणाले, तशाच असतात."

उस्तादांचे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा फारसे वाईट नव्हते. सुदैवाने घंटा झाली. पण खरे सांगतो, त्या दिवशी स्टाफरूमकडे जाताना मला चुकल्याचुकल्यासारखे झाले. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, हे मी दरवर्षी मोठ्या हौसेने सांगतो. गाय कोणाला पवित्र आणि डुक्कर कोणाला निषिद्ध, हेही सांगतो. मात्र त्या काडतुसाला वंगण हवेच कशाला, हा प्रश्न अठरा वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

मग मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला गाठले. मधल्या सुट्टीत आम्ही दोघे कॅरम खेळतो. तो चांगला खेळतो, मी त्याला सोबत करतो. त्याने दिलेली आणि मी इकडून तिकडून मिळवलेली पुस्तके वाचता वाचता सबंध पावसाळा गेला.

पहिल्याने त्या १८५७च्या काडतुसाचेच पाहू. एन्फील्डची १८५३च्या नमुन्याची ती बंदूक तोंडाकडून ठासावयाची होती. काडतूस म्हणजे कागदाची एक नळकांडी. तीत एका बाजूला दारू आणि दुसऱ्या बाजूला शिशाची गोळी. शिपायाने कागदाचे टोक दातांनी तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, मग काडतूस उलटे करून गोळीकडचा भाग नळीच्या तोंडात बसवावयाचा, उरलेला कागद फाडून टाकावयाचा आणि गजाने ठासावयाचे. गोळी कागदासकट आत जाई आणि त्या कागदावर बाहेरून चरबी व मेण यांचे मिश्रण लावलेले असे.

हे मिश्रण गोळी गुळगुळीत सरकावी एवढ्यासाठीच असेल, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी निघाली. खरे दुखणे काळ्या दारूचे होते. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरते. आपण जो पांढरा धूर पाहतो तो त्यातलाच काही भाग, आणि बाकीचे कीट होऊन नळीच्या आत बसते. जुन्या सपाट नळीच्या बंदुकीत हे चाले. गोळी सैल असे, कीट बसले तरी ती आत घसरे. एन्फील्डच्या नळीला मात्र आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या होत्या. त्या खाचांत गोळी नीट धरली जाऊन तिला गिरकी मिळावी आणि नेम लांबवर लागावा, हेच त्या बंदुकीचे सारे वैशिष्ट्य. अशा खाचांत उन्हाने वाळून कडक झालेले कीट बसले की दहा-वीस बारांनंतर पुढची गोळी खाली उतरेना. चरबी त्या किटाला मऊ ठेवी. दर गोळीबरोबर थोडे वंगण खाली जाई आणि मागच्या बाराची घाण पुसली जाई. तेव्हा चरबी लावली जात होती ती उडणाऱ्या गोळीसाठी जितकी, तितकीच नंतरच्या गोळीसाठी.

हे कळल्यावर दमदमची गोष्ट मला पुन्हा वाचावीशी वाटली. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे जानेवारी १८५७मध्ये एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला, तुमची जात आता किती दिवस राहणार? गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुम्हांला दातांनी तोडावी लागणार आहेत. ही वार्ता छावण्याछावण्यांतून पसरली. त्या चरबीत निषिद्ध जनावराची चरबी येऊ नये अशी काही खबरदारी घेतली होती काय, याची चौकशी झाली तेव्हा तशी ती घेतली नव्हती, असे दारूगोळ्याच्या खात्यालाच सांगावे लागले.

यापुढचा भाग मी वर्गात कधी सांगितला नव्हता. जानेवारी संपण्यापूर्वीच सरकारने शिपायांना मुभा दिली की, काडतुसे कोरी घ्या आणि तुमच्या पसंतीचे वंगण, मेण असो की तेल, तुम्हीच लावा. पुढे दातांऐवजी हातांनी तोडण्याचीही परवानगी आली. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. नव्या काडतुसांचा कागद तुकतुकीत का दिसतो? बराकपूरच्या शिपायांनी तो जाळून पाहिला आणि चरबी जळताना येतो तसा आवाज आला, असे चौकशीत सांगितले. २९ मार्चला मंगल पांडे यांचा प्रसंग घडला. २४ एप्रिलला मीरतला तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसे नाकारली. ती जुन्याच तऱ्हेची होती, असे इतिहासकार सांगतात, पण हे ऐकायला तेव्हा कोण तयार होते? १० मे रोजी वणवा पेटला. चरबी हे त्या उठावाचे एकमेव कारण नव्हते हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, पण एकदा विश्वास उडाला की कोरा कागदसुद्धा बाटलेला दिसतो. ब्रिटिशांनीही पुढे चरबी सोडून नुसत्या मेणावर काम भागविले. म्हणजे ते आधीही भागले असते!

कॅडेटचा पुढचा प्रश्न असा होता: "तेव्हा चरबीऐवजी एखादी कोरडी पूड वापरता आली नसती का? आपण कॅरमला टाकतो तशी?"

ही मुलगी मराठी घेऊन का बसली आहे, असे माझ्या सहकाऱ्याने मला विचारले. मी दुर्लक्ष केले. पण प्रश्न नेमका होता. कॅरमवर आपण बोरिक पावडर शिंपडतो. ती सोंगटी सरकवते ती गोल गोल दाण्यांनी नव्हे, असे त्याने मला समजावले. बोरिक आम्लाच्या स्फटिकांत अणूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. एका पापुद्र्यातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन पापुद्र्यांतली पकड अगदी कच्ची असते. नव्या करकरीत पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून बोटाने ढकलला की पाने कशी एकमेकांवरून सरकतात, तसे. पेन्सिलीतले ग्राफाइट हे याच कुळातले. आमच्या घरी कुलूप अडकले की आजोबा पेन्सिल तासून तिचा चुरा किल्लीला लावीत आणि कुलूप मुकाट्याने उघडे. त्यात तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते, असे ते बजावीत. कोरड्या वंगणाचे सारे शास्त्र आजोबांच्या त्या एका वाक्यात होते.

मग १८५७ साली हे माहीत नव्हते? होते की! ग्राफाइट शेकडो वर्षांपासून वापरात होते. त्याच्यासारखेच दिसणारे, काळसर-रुपेरी आणि बोटांना लागणारे दुसरे एक खनिज होते. लोक त्या दोघांना एकच समजत आणि शिशाशीही त्यांची गल्लत करीत. शिशाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्या खनिजाचे नाव पडले. १७७८ साली शीले या स्वीडिश रसायनज्ञाने ते ग्राफाइट नव्हे हे दाखवून दिले. १७८१ साली त्याच्याच देशाच्या येल्म याने त्यातला धातू वेगळा काढला. तो धातू म्हणजे मॉलिब्डेनम आणि ते खनिज म्हणजे त्याचे गंधकाशी झालेले संयुग, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. नाव लांबलचक आहे. नेमबाज त्याला नुसते 'मॉली' म्हणतात, आपणही तसेच म्हणू. पुढे १९२३ साली लायनस पॉलिंग या तेव्हा अगदी तरुण असलेल्या शास्त्रज्ञाने आपल्या गुरूसह त्याच्या स्फटिकाची रचना उलगडली. मॉलिब्डेनमचा एक थर, त्याच्या खालीवर गंधकाचे दोन, असे एक पोळीचे सारण. आणि अशा पोळ्यांवर पोळ्या रचलेल्या. पुरणपोळ्यांची चळत म्हणा ना! वरची पोळी उचलली तर सुटी येते, पण सारण बाहेर पडत नाही.

तरीही १८५७च्या शिपायाला ही पूड उपयोगी पडली नसती. कोरडी पूड गोळीला सरकवील, पण काळ्या दारूचे कडक कीट मऊ करणार नाही. तिथे ओलसर, स्निग्ध पदार्थच हवा. कॅडेटला हे उत्तर सांगितले तेव्हा ती थोडी खट्टू झाली. मीही झालो होतो. एका चिमूटभर भुकटीने इतिहास बदलला असता, असे म्हणावयास मिळाले असते तर लेखाला केवढी बहार आली असती!

कोरड्या वंगणाला दिवस आले ते दारू बदलल्यावर. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली. ती जळून मागे फारसे काही उरेना. पण तिचा जोर एवढा की, नुसत्या शिशाची गोळी त्या वेगात पिळाच्या खाचा धरीना. शिसे घासून नळीला लागू लागले. म्हणून शिशाच्या गाभ्यावर कठीण धातूचे वेष्टन आले. एक दुखणे गेले आणि दुसरे आले. वेष्टनातले तांबे आणि निकेल नळीला चिकटून बसू लागले आणि हे कीट साबणपाण्याने जाणारे नव्हते.

आजच्या एखाद्या साधारण ७.६२ मिलिमीटर रायफलीचा हिशेब पाहा. नळीचे आतले छिद्र ७.६२ मिलिमीटरचे आणि गोळीचा व्यास ७.८२. म्हणजे गोळी छिद्रापेक्षा मोठीच! वायूच्या दाबाने ती खाचांत अक्षरशः कोंबली जाते. हा दाब आपल्या सभोवारच्या हवेच्या साडेतीन हजार पटींहून अधिक. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या एका हजारांश भागाच्या आसपास, आणि बाहेर पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला आठशे मीटरच्या वर व गिरक्या सेकंदाला अडीच हजारांहून जास्त. एवढ्या घासाघाशीत थोडे तांबे नळीच्या अंगाला लागले तर नवल नाही. आणि ते असमान लागले की नेम ढळला.

यावर अमेरिकेतील नेमबाज गोळ्या ग्रीजमध्ये बुडवून उडवू लागले. १९२१ साली तिकडच्या सरकारी कारखान्याने त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी वेगळीच युक्ती काढली: गोळ्यांना कल्हई केली! आपल्या पातेल्यांना करतात तीच, कथलाची. नळीत कीट बसेना, नेम उत्तम लागू लागले आणि सर्वांना आनंद झाला. पण गोळी ज्या पितळी नळकांडीत बसवलेली असते तिच्या गळ्याशी हे कथील हळूहळू झाळल्यासारखे चिकटून बसे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. गळा किंचित पसरला की गोळी सुटावी, अशी व्यवस्था असते. त्यात काही नेमबाजांनी सवयीप्रमाणे वरून ग्रीज फासले. त्याने गळ्याभोवतीची फट भरली. गळ्याला पसरायला जागा उरली नाही, दाब भलताच चढला आणि रायफली फुटण्याचे प्रकार घडले. जुलियन हॅचर या सेनाधिकाऱ्याने पुढे आपल्या टिपणांच्या जाड पुस्तकात ही हकीकत बारकाईने नोंदली आहे. वंगणावर वंगण चढवल्याने माणसे मरणाच्या दारात जातात, हे वाचून मला घाम फुटला. पुढच्याच वर्षी तांब्यात थोडे जस्त मिसळून केलेले वेष्टन आले. ते बरेच स्वच्छ ठरले आणि कल्हईची गोष्ट मागे पडली.

मॉलीची लाट आली ती १९९०च्या दशकाच्या मध्यास, तीही अमेरिकेतच. कागदावरच्या एकाच भोकातून पाच गोळ्या जाव्यात म्हणून वर्षभर खटपट करणारे छांदिष्ट नेमबाज आणि माळरानावर दिवसाकाठी शेकडो बार काढणारे शिकारी यांना नळी वारंवार पुसण्याचा कंटाळा आला होता. कृती एखाद्या पाकक्रियेसारखी आहे. गोळ्या प्रथम धुऊन त्यांवरचा तेलकटपणा पार घालवावयाचा. मग फिरत्या पिंपात गोळ्या, मॉलीची भुकटी आणि पोलादी छर्रे एकत्र घालून ते काही तास फिरवावयाचे. छर्ऱ्यांच्या माराने भुकटी तांब्याच्या अंगात रुतते. शेवटी वरून कार्नोबा मेणाचा हलका हात. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येते. मोटारीच्या पॉलिशात आणि चॉकलेटच्या गोळ्यांच्या चकाकीतही तेच असते. गोळी काळसर-रुपेरी दिसू लागते. वनस्पतीचे मेण आणि दगडाची भुकटी! बराकपूरच्या शिपायांची काहीच हरकत नसती.

नावाजलेल्या कंपन्या अशा आयत्या गोळ्या विकू लागल्या. मग दाव्यांना ऊत आला. नळी दुप्पट टिकते, नेम अचूक होतो, वेग वाढतो, एक ना दोन. यातला वेगाचा दावा मला फार मौजेचा वाटला, कारण घडते नेमके उलट. तेवढीच दारू घातली तर वंगण लावलेली गोळी काहीशी हळू जाते!

हे कसे? दिवाळी आहे म्हणून सुतळी बॉम्बचेच उदाहरण घेऊ. त्यातली दारू सोडवून कागदावर पेटवली तर नुसती फुस्स होते; तीच सुतळीने आवळून बांधली की आळी दणाणते. (वाचकांच्या घरातील चिरंजीवांनी हा प्रयोग करून पाहू नये. मी लहानपणी केला होता, माझ्या एका भुवईला अजून त्याची आठवण आहे.) बिनधुराची दारूही कोंडली जाईल तितकी झपाट्याने जळते. गोळी खाचांत शिरताना जरा अडते, तेवढ्यात दाब चढतो. मॉलीने ती विनासायास आत शिरली की दाब कमी, म्हणून वेग कमी. मग नेमबाज थोडी जास्त दारू घालतात आणि पूर्वीच्या वेगावर येतात. एवढा द्राविडी प्राणायाम करून माणूस पोचतो तिथेच.

खरा फायदा एकच, आणि तो लहान नाही: तांबे कमी चिकटते, त्यामुळे नळी न पुसता पुष्कळ बार काढता येतात. नळीच्या दुप्पट आयुष्याचे मात्र तसे नाही. नळी झिजते ती मुख्यतः गोळीच्या घासण्याने नव्हे, तर मागच्या बाजूच्या तोंडाशी तप्त वायूंच्या झोताने. तिथे गोळीवरचा पापुद्रा काय करणार? शिवाय नवी गाऱ्हाणी आली. पुसून स्वच्छ केलेल्या नळीचे पहिले काही बार भलतीकडेच जातात. आत मॉलीचा थर बसेपर्यंत तिची मर्जी सांभाळावी लागते. मेण आणि मॉली यांचे कडे नळीच्या तोंडाशी साचते. आणि दमट हवेत मॉलीतले गंधक हळूहळू आम्ल तयार करते; रायफल तशीच कपाटात ठेवली तर गंज चढण्याचा धोका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको. दहा-बारा वर्षांत लाट ओसरली. काहींनी सोडले, काही आजही निष्ठेने वापरतात. ज्याला ज्याचा अनुभव आला तो ते शपथेवर सांगतो. मात्र एका रायफलीचा अनुभव दुसरीला लागू पडेलच असे नाही.

हीच मॉली अंतराळयानांच्या सांध्यांत मात्र मानाने नांदते आहे. ग्राफाइटला सरकण्यासाठी हवेतल्या ओलाव्याची गरज लागते. निर्वात पोकळीत ते हात टेकते. मॉलीला ओलावा नकोच असतो. जो दमटपणा रायफलीत तिला बाधतो तो तिथे नाहीच.

अलीकडे नेमबाजांचा ओढा एका पांढऱ्या भुकटीकडे आहे, तिचे नाव बोरॉन नायट्राइड. रचना पुन्हा ग्राफाइटसारखीच पापुद्र्यांची, म्हणून तिला पांढरे ग्राफाइटही म्हणतात. तीत गंधक नाही, म्हणून आम्लाचे भय नाही. मॉली हवेत साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे बिघडू लागते, ही त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता सोसते. आणि मॉलीने होतात तसे हात काळे होत नाहीत. काही जण ती मद्यार्कात कालवून नळीला आतूनच पुसून घेतात. पहिल्या काही बारांची कटकट तिनेही पूर्ण सुटत नाही, पण पुष्कळ कमी होते, असे वापरणारे सांगतात. बोरिक पावडरीतला बोरॉन तो हाच, हे कळल्यापासून आमचा सहकारी कॅरम खेळताना स्वतःला अंमळ शास्त्रज्ञ समजू लागला आहे.

हे सारे मी वर्गात सांगितले. दोन तासिका त्यात गेल्या. कॅडेटने दोन्ही दिवस वहीत टिपून घेतले आणि शेवटी हात वर करून विचारले, "सर, मग आमच्या बावीसच्या गोळीवरचं मेण कसलं असतं?"

त्या गोळ्या शिशाच्या असतात, मंद वेगाने जातात, म्हणून त्यांना जुन्या पद्धतीचे स्निग्ध वंगणच पुरते. कोणी मेण लावतो, कोणी ग्रीज, कोणी तांब्याचा पातळ मुलामा देतो, एवढे मी सांगितले. "पण आमच्यावालं कशाचं?" ती म्हणाली. मी म्हणालो, खोक्यावर काही लिहिले आहे का पाहा. तिने पाहिले होते. खोक्यावर वंगणाविषयी काहीच लिहिलेले नव्हते. मागच्या बाकावरून कोणीतरी "लोटा आणा, लोटा!" म्हणाले आणि वर्ग हसू लागला. तीही हसली, पण वहीतल्या त्या प्रश्नापुढे तिने जागा कोरी ठेवलेली मला दिसली.

मी पुस्तक उघडले. गोडसे भटजी बिचारे अजून महूपाशीच खोळंबले होते.